मेहरूणच्या नापासांना पास कोणी केलं?

१. पैज

जळगावच्या मेहरूणमध्ये गुलाबवर विश्वास ठेवणारा माणूस शोधायचा तर तो नवा भाडेकरूच असायचा. जुन्या माणसांचे हात पोळलेले. गुलाब मंडप-लाउडस्पीकरवाला. पन्नाशी उलटली, मिशीत पांढरं आलं, पण डोक्यातला कारटा काही मोठा झाला नाही. एकदा जत्रेत त्यानं माईकवरून पुकारलं होतं, 'रतनलाल शेठची डाव्या पायाची चप्पल सापडली आहे, शेठनी लंगडी घालत येऊन ओळख पटवावी.' आणि शेठ खरंच लंगडत आले होते, दोन्ही पायांत चप्पल असताना!

त्याच रतनलाल शेठच्या कापड दुकानाच्या पायरीवर शनिवारी सकाळी चहा चालला होता. मे महिना. जळगावचं ऊन सकाळीच कानशिलात मारायला लागलं होतं.

"ऐकलं का भो," शेठ म्हणाले, "झुंबरबाईच्या पोरीचं, साक्षीचं काम बंद पडलं. कंपनीनं खात्यालाच कुलूप लावलं. कोणीतरी आत शिरून घोळ घातला म्हणे. सोमवारी संध्याकाळपर्यंतच मुदत आहे पोरीला."

साक्षीचं काम सगळ्या गल्लीला तोंडपाठ होतं. हल्ली कॉम्प्युटरचे प्रोग्राम माणूस लिहीत नाही, एआय लिहितं. मग ते लिहिलेलं बरोबर की चूक, हे बघायला माणूस लागतो. पुण्याची नोकरी सोडून आलेली साक्षी घरच्या पुढच्या खोलीत बसून तेच करायची. मशीननं लिहायचं, साक्षीनं चुका काढायच्या, मार्क द्यायचे, खाली पास-नापासची खूण करायची. लांबच्या कंपन्या तिचं नाव घेऊन काम पाठवायच्या. पोरीची नजर म्हणजे चाळणी, खडा सुटायचा नाही.

"त्यात काय नवल," पायरीच्या वरच्या टोकाला बसलेले रुपचंद नाना म्हणाले. नाना म्हणजे जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त हेडमास्तर. अर्ध्या मेहरूणला त्यांनी पाढे शिकवले, उरलेल्या अर्ध्याचे कान पिळले. पांढरा सदरा, खिशाला लाल पेन. "परदेशातले चोर आहेत हे. रोज पेपरात येतं. घरबसल्या शिरतात."

आता नाना पूर्व म्हणाले की गुलाबनं पश्चिम म्हणायचं, हा चाळीस वर्षांचा रिवाज.

"परदेश नाही नि फिरदेश नाही. चोर आपल्या गल्लीतला शे नाना. लिहून घ्या."

"तुला साताचा पाढा येत नव्हता गुलब्या. तू चोर पकडणार?"

"सोमवारी संध्याकाळच्या आत!"

"लाव पैज."

"लावली!"

"हरेल त्यानं," नाना उठून उभे राहिले, त्यांच्या डोळ्यांत शाळेची घंटा वाजली, "भर चौकात, तुझ्याच लाउडस्पीकरवर, पूर्ण आवाज सोडून, गाढवासारखं ओरडायचं. जन्मभर पोरांना गाढव म्हणत आलो. त्यातलं एक तरी ओरडताना ऐकू दे."

शेठनी साक्षीदार म्हणून दोघांच्या हातावर टाळी मारली. चहावाल्यानं बातमी पुढच्या गल्लीत पोचवली सुद्धा.

खरं सांगायचं तर गुलाबला चोराची काडीइतकीही कल्पना नव्हती. 'गल्लीतला' हा शब्द नुसता नानांना चिडवायला तोंडातून गेला होता. पण मागं वळून बघतो तर साक्षी उभी. रात्रभर झोपली नसावी.

"गुलाबकाका," ती म्हणाली, "चेष्टा नका करू. सोमवारी संध्याकाळी माझं नाव कायमचं काढून टाकणार आहेत. नुसत्या या कंपनीतून नाही. या धंद्यात एकदा 'बेइमान तपासनीस' असा शिक्का बसला की कोणीच दार उघडत नाही. तुम्ही खरंच शोधणार असाल तर आत्ता चला."

गुलाबनं हातातला कप खाली ठेवला. कप अर्धा भरलेला होता. शेठ म्हणतात, असं त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

२. कोणी नाही

पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर लॅपटॉप, समोर ड्रमएवढा कुलर. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. कुलरपाशी वेताची खुर्ची, खुर्चीवर कालचा पेपर. पेपरातल्या छपाईच्या चुकांना लाल पेनानं गोल केलेले. गुलाबला हसू आलं. चुका काढायची सवय लागली की पोरगी पेपरलाही सोडत नाही!

"सांग. पहिल्यापासून."

"मी पहाटे बसते. उन्हाच्या आत सगळं तपासून होतं. मार्क भरते, शेरे लिहिते, खूण करते आणि तसंच ठेवते. दुपारी चारला ते आपोआप कंपनीकडे जातं. मधल्या वेळात काही आठवलं तर बदलता येतं, म्हणून."

"आणि मधल्या वेळात तू?"

"जेवून मागच्या खोलीत झोपते. पहाटे उठलेली असते ना."

"लॅपटॉप?"

"उघडाच. घरात कोण हात लावणार?"

गुलाबनं कपाळावर हात मारला. "तिजोरी उघडी, मालक झोपलेला. चोराला चहा पण ठेवत जा."

कंपनीचं पत्र दोन ओळींचं होतं. 'तुम्ही तीन कामांत गंभीर चुका दाखवूनही ती कामं पास केली. तुमच्याऐवजी एखादं यंत्र तपासणी करत असल्याचा संशय आहे.'

"काका, मी ती नापास केली होती. तिन्ही. शपथ."

"मशीनचं काम तपासणारीलाच मशीन म्हणाले," गुलाब म्हणाला. "बोला आता."

स्वयंपाकघरातून साक्षीची आई झुंबरबाई बाहेर आली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती दुपारभर उंबऱ्याजवळच्या पलंगावर पडून असायची. तिच्या नजरेतून मांजर सुटायचं नाही.

"अक्का, या हप्त्यात दुपारी कोण कोण आलं घरात?"

"कोनी नही उनं, भाऊ."

"नीट आठवा. शेजारी, पाहुणा, सिलिंडरवाला?"

"कोनीच नही. गुरुवारले तो शेठना नातू उना व्हता, अर्हम. घडीभर बठना आनि गया. बस. आन् आमना धम्मपाल."

धम्मपाल म्हणजे साक्षीचा थोरला भाऊ. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, दाढी वाढलेला, कायम वैतागलेला. तो तेवढ्यात अभ्यासिकेतून आला आणि गुलाबला बघून दारातच थांबला.

"काय भो धम्मा, बहिणीच्या मशीनला हात लावतोस का कधी?"

"मी कशाला लावू?" तो म्हणाला. मग साक्षीकडे न बघता बोलला, "पण खरं सांगू का काका? बंद पडलं ते बरंच झालं. कधीपासून सांगतोय हिला, सरकारी परीक्षा दे. कोण कुठलं मशीन, त्याच्या चुका काढत म्हातारी होशील. कोणी तरी हे बंद पाडायलाच पाहिजे होतं."

साक्षी आत निघून गेली.

३. अर्हमनं उघडला लॅपटॉप

रतनलाल शेठचा नातू अर्हम दुकानाच्या माळ्यावर बसून साक्षीचंच काम करायचा, त्याच कंपनीत. यादीत साक्षी पहिली, हा दुसरा. दुसऱ्या नंबरचं दुखणं काय असतं ते दुसऱ्या नंबरवाल्यालाच ठाऊक.

गुलाब माळ्यावर चढला आणि काही न बोलता नुसता बसला. त्याची ही जुनी युक्ती. गप्प बसलेल्या थापाड्यापुढं भल्याभल्यांचा धीर सुटतो.

"मी नाही केलं काका," थोड्या वेळानं अर्हम म्हणाला.

"मी विचारलं का काही?"

"आजोबांनी सांगितलं तुम्ही पैज लावली. मला चोरी करायची गरज काय? बारावीला सीबीएसईत जिल्ह्यात नाव होतं माझं. शाळेच्या बोर्डावर अजून आहे."

"मग गुरुवारी कशाला गेला होता?"

अर्हमनं टी-शर्टच्या बाहीनं घाम पुसला. "सांगितलं तर आजोबांना नाही ना सांगणार?"

"मी कधी कोणाचं काही सांगितलंय?"

हे वाक्य ऐकून खाली गिऱ्हाईकाला कापड दाखवणारे शेठ खोकले, पण अर्हम रडकुंडीला आला होता.

"लॅपटॉप उघडला होता मी. तिचे शेरे वाचायला. ती एवढं बारीक कसं पकडते तेच कळत नाही मला. बदललं काही नाही. वरचे मार्क नि शेरे बघितले, खालपर्यंत गेलोच नाही. कडक तपासते हो काका. पाचांत फक्त दोन सुटले होते, एक तेहतीसवर, एक चौतीसवर. अगदी काठावर पास. तेवढ्यात बाहेरून आमच्या भंवरीआजीनं हाक मारली नि मी पळालो."

खालून शेठचा आवाज आला, "काय रे अर्हम, कोणाचा लॅपटॉप?"

म्हणजे चोर सापडला होता. लॅपटॉपला हात लावल्याचं त्याच्याच तोंडानं कबूल. शेठ जिना चढून वर आले तेव्हा त्यांचा चेहरा बदामी मांजरपाटासारखा झाला होता. "गुलाब," ते म्हणाले, "माझा नातू असला तरी नाव सांग. पैज पैजेच्या ठिकाणी, पोरीचं नुकसान नको."

गुलाबला जिंकायला एवढंच पुरत होतं. पण त्याची मिशी फुरफुरेना. खोटं बोलण्यात त्याची हयात गेली होती आणि खऱ्याचा वास त्याला लांबून यायचा. हे पोरगं खरं बोलत होतं.

"शेठ, थांबा. मी धुळ्याला जाऊन येतो."

४. पस्तीस

जळगाव-धुळ्याची बस म्हणजे तापलेला तवा. पारोळ्याला गुलाब उतरून डोक्यावर पाणी ओतून आला, तर सीटवर दुसराच बसलेला. "उठ भो, या सीटखाली पाल शे," एवढं म्हणाल्यावर सीट परत मिळाली.

खानदेशातल्या सगळ्या तपासनिसांवर देखरेख करणारी मुस्कान धुळ्यात देवपूरला राहायची. तीही घरातूनच काम करायची. दारात अनोळखी मिशीवाला बघून ती आधी दार लावायला निघाली.

"साक्षीचा काका. चोर शोधतोय. पाणी पाजलं तर चोराचं नाव पण सांगेन."

मुस्कान हसली आणि दार उघडलं गेलं.

"काका, मलाही वाईट वाटतं," ती लॅपटॉप वळवत म्हणाली. "साक्षी माझी सगळ्यात चांगली तपासनीस. पण हे बघा. गुरुवारची पाच कामं. या औषधाच्या प्रोग्रामला साक्षीनं लिहिलंय, 'मांडणी सुंदर, पण रुग्णानं एक वेळ चुकवली तर पुढच्या वेळी दुप्पट गोळी देतो. वापरू नये.' आणि खाली? हिरवी खूण. पास!"

"मार्क किती?"

"तोच तर विनोद. आमच्याकडे पास करणारा कोणी साठच्या खाली देत नाही. हिनं दिलेत पस्तीस. तिन्ही पास कामांना पस्तीस, पस्तीस, पस्तीस. वरचे लोक म्हणाले, असा आकडा माणूस देत नाही, हे यंत्रच असणार."

गुलाबच्या हातातला पाण्याचा तांब्या तोंडापाशीच थांबला.

"आणि उरलेली दोन?"

"एकाला वीस, एकाला बारा. दोन्ही नापास. ती बरोबर आहेत."

गुलाबनं साक्षीला फोन लावला. "पोरी, गुरुवारच्या त्या तिघांना तू किती दिले होते? आठवतंय?"

"पाठ आहे काका. चौतीस, तेहतीस आणि एकतीस."

"बरं. झोप आता."

परतीच्या बसमध्ये गुलाबनं कोणाची चेष्टा केली नाही. कंडक्टरनं दोनदा विचारलं, तब्येत बरी ना.

त्याच्या डोक्यात एकेक माणूस खोलीतून बाहेर पडत होता. पहिला गेला परदेशी चोर. पस्तीस हा आकडा परदेशात कुणाच्या बापाला माहीत? तो महाराष्ट्रात शाळेत गेलेल्यालाच माहीत. चौतीसला मार, पस्तीसला पेढे.

दुसरा गेला धम्मपाल. त्याला बहिणीचं काम बुडवायचं असतं तर त्यानं बारावाल्यालाही पास केलं असतं, शंभर दिले असते. इथं बदलणाऱ्यानं वीस आणि बाराला बोट लावलं नाही. जे काठावर बुडत होते त्यांनाच हात देऊन वर काढलं. बुडवणारा असा हिशेबानं बुडवत नाही.

तिसरा गेला अर्हम. सीबीएसईचं पोरगं! त्यांच्याकडे तेहतीसला पास. म्हणून तर तेहतीस बघून तो 'काठावर पास' म्हणाला. त्याच्या लेखी जे पास झालंच होतं ते पुढं ढकलायला तो पस्तीसवर कशाला नेईल?

मग राहिलं कोण? झुंबरबाईनं ठासून सांगितलेलं. कोणी नाही.

आणि एरंडोलजवळ गुलाब सीटवरून अर्धा उठला. घरात रोज येणारा, चहा पिणारा, स्वतःची खुर्ची असलेला माणूस 'आलेल्यां'त मोजतात का? आणि छपाईच्या चुकांना लाल गोल साक्षी कशाला करेल? तिच्या हातात तर जन्मात कधी पेन दिसलं नव्हतं!

"नको रे देवा," गुलाब मोठ्यांदा म्हणाला. शेजारच्या बाईनं पिशवी जवळ ओढली.

५. पलंगाखाली

रविवारी दुपारी गुलाबनं आयुष्यातली सगळ्यात अवघड थाप रचली.

कंपनीच्या पानासारखंच दिसणारं एक खोटं पान अर्हमनं तासाभरात बनवलं. कामाला लागलं पोरगं, शेठच्या नजरेतला संशय पुसायचा होता ना. 'कंपनीनं साक्षीला पुन्हा थोडं काम पाठवलं' अशी हूल गुलाबनं चहावाल्यामार्फत आधीच गल्लीत सोडली होती. पानावर तीन कामं. चौतीस, तेहतीस आणि बारा. तिन्ही नापास. साक्षीनं लॅपटॉप नेहमीसारखा उघडा ठेवला आणि मागच्या खोलीत गेली. झुंबरबाई पलंगावर आडवी झाली, आणि त्याच पलंगाखाली, जुने डबे आणि ज्वारीच्या पापडांच्या, बिबड्यांच्या पिशव्या बाजूला सारून, गुलाब घुसला.

"अक्का, हसू नका. पलंग हालतो."

"मी कोठे हासस? तुमनं पोट लागस पलंगले."

ऊन टळटळलं. बाहेर चप्पल वाजली. झुंबरबाईनं डोळे उघडले, बघितलं, परत मिटले. तिच्या हिशेबी कोणीच आलं नव्हतं.

गुलाबला फक्त पाय दिसत होते. पांढरं धोतर, गोऱ्या टाचा, डाव्या अंगठ्याला पट्टी. पाय कुलरजवळच्या खुर्चीपाशी थांबले. पेपर फडफडला. गुलाबच्या नाकात धूळ गेली. त्यानं मिशी चावून धरली.

मग पाय उठले आणि टेबलापाशी गेले.

"चौतीस," वरून आवाज आला, हळू, मायेचा. "अरे गाढवा, एवढं छान लिहिलंस नि शेवटी माती खाल्लीस. एका मार्कानं कोणाचं वर्ष घालवतात का?" टक, टक. "जा पुढच्या वर्गात. तू रे? तेहतीस. तुझी आई रडत असेल." टक, टक. "आणि हे बारावालं कोण? छे. तू बस. तुला पुन्हा बसायलाच पाहिजे."

गुलाब शिंकला.

साधी शिंक नाही. मंडपाचा खांब पडावा तशी. पलंग उडाला, झुंबरबाई उठून बसली, डबे गडगडत बाहेर आले, आणि त्यांच्या मागून, डोक्यावर जाळं नि खांद्यावर बिबड्यांचा चुरा घेऊन, गुलाब.

रुपचंद नाना माउसवर हात ठेवून जिथल्या तिथं उभे होते.

"गुलब्या? तू पलंगाखाली काय करतोस?"

"चोर धरतोय नाना."

"सापडला?"

गुलाब खांद्यावरचा चुरा झटकत राहिला. पैज जिंकली होती, आणि असं वाटत होतं की आपणच कोणाचा तरी खिसा कापलाय.

६. मॉडरेटर

"चोर? मी?" नानांचा आवाज चढला. साक्षी धावत आली होती, मागून अर्हम, दारात धम्मपाल. "मी मॉडरेटर होतो बोर्डाचा! तपासलेले पेपर आमच्याकडे यायचे. काठावरची पोरं आम्ही पुन्हा बघायचो, रीतसर. ही पोरगी एकटीच तपासते, एकटीच नापास करते, वर कोणी बघणारा नाही. मी म्हटलं, आपण बघावं. तेवढीच मदत."

"नाना, ती पोरं नाहीत," साक्षी म्हणाली. रागानं नाही, थकून. "ते मशीन आहे."

"माहीत आहे मला. म्हातारा आहे, बावळट नाही. पेपरात रोज येतं, ही मशीनं शिकतायत म्हणून. शिकणारा तो शिकणारा, लाकडाचा असो की लोखंडाचा. चौतीसवर कोणाला अडवू नये, हे माझं तत्त्व आहे. आणि याच्याशी तुझ्या खात्याचा काय संबंध? खात्यात तर परदेशी चोर..."

ते थांबले. नानांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. वर्गात प्रश्न विचारल्यावर बघायचे तसं, फक्त या वेळी उत्तर त्यांना येत नव्हतं.

गुलाब टेबलाजवळ गेला. चेष्टेचा सूर कुठं ठेवला होता कुणास ठाऊक.

"नाना, गुरुवारचा चौतीसवाला आठवतो? औषधाचा?"

"मांडणी मोत्यासारखी होती त्याची."

"गोळी चुकली की पुढच्या वेळी दुप्पट देतो तो. तुम्ही त्याला पुढच्या वर्गात घातलं. पोरगं ढकललं तर फार तर काय, माझ्यासारखं मंडप ठोकतं. साताचा पाढा आला नाही म्हणून माझ्या मंडपात कोणी मेलं नाही. पण हा ढकलला तर उद्या दवाखान्यात जाईल, आणि एखादी झुंबरअक्का दोन गोळ्या घेऊन झोपेल. साक्षी नापास करते ती पोरांना नाही नाना. ती उंबऱ्यावर उभी राहते, कोणाला आत येऊ द्यायचं नि कोणाला नाही म्हणून."

नाना खुर्चीत बसले. खिशातलं लाल पेन त्यांनी काढलं, बघितलं, परत ठेवलं. त्यांची चूक आजवर मेहरूणमध्ये कोणी काढली नव्हती. काढणाऱ्याचा कान जागेवर राहायचा नाही.

"ते बाहेर गेलं का? औषधवालं?"

"नाही," साक्षी म्हणाली. "कंपनीनं अडवलं. म्हणून तर माझं खातं बंद."

"म्हणजे माझ्यामुळं."

"हो नाना."

ती 'जाऊ द्या' म्हणाली असती तर नाना सुटले असते. पण साक्षी कोणाला काठावर सोडणारी पोरगी नव्हती. आणि का सोडावं? तिचं नाव पुसलं जात होतं.

गुलाबला वाटलं, आता म्हातारा पेपर उचलून निघून जाणार. खरं तर वाट मोकळी होती. सगळं अर्हमच्या माथी मारता आलं असतं, लॅपटॉप त्यानंही उघडला होताच.

नानांनी सदरा सारखा केला. "धुळ्याच्या त्या बाईंना फोन लाव. तो तोंड दिसणारा फोन. मी सांगतो."

"नाना, लिहून दिलं तरी..."

"तोंडानं सांगतो. पोरांकडून उभं करून कबूल करून घेतलंय मी. बसून कसं चालेल?"

आणि ते उभे राहिले. पडद्यावर मुस्कान आली, तिच्याशेजारच्या चौकटींत कंपनीचे परदेशातले दोन साहेब. नानांनी शाळा तपासणीला वापरायचं ते खणखणीत इंग्रजी काढलं. माझं नाव अमुक, मी चुकलो, मुलीचा दोष नाही, मी न विचारता तिच्या कामाला हात लावला. साहेबांना पस्तीसचा उलगडा व्हायला वेळ लागला. एकानं विचारलं, 'पस्तीसच का?' नाना म्हणाले, 'कारण त्याहून जास्त त्यांची लायकी नव्हती.' तेव्हा पहिल्यांदा साहेब हसले.

अर्हमचं खोटं पान, त्यावर बदललेले मार्क, गुरुवारचा हिशेब, सगळं मुस्कानपुढं मांडलं गेलं. तिनं नाव काढायचं थांबवलं, पण निकाल साहेब सोमवारी देणार होते. "आणि साक्षी," ती म्हणाली, "लॅपटॉप उघडा टाकून झोपलीस ही तुझी चूकच. ती तुझ्या नावावर लिहिणार मी."

"लिहा ताई," साक्षी म्हणाली. "ती माझीच आहे."

फोन बंद झाल्यावर धम्मपाल बहिणीजवळ येऊन उभा राहिला. "दुप्पट गोळीवालं," तो म्हणाला, "तू वाचून पकडलंस?"

"चालवून. माणूस चुकतो असं धरून."

"मला दाखव ना एकदा."

७. चौक

सोमवारी दुपारी साक्षीचं खातं उघडलं. बातमी चहावाल्यामार्फत गेली, म्हणजे मेहरूणभर गेली. आणि तिच्या मागोमाग दुसरी बातमी. पैजेचं काय?

गुलाब नानांच्या घरी गेला. "नाना, पैज मोडली आपण. मी ती गंमतीनं लावली होती, मला काहीच माहीत नव्हतं. चोर तर तुम्ही नाहीच. गल्लीला सांगतो, मशीन बिघडलं होतं."

"म्हणजे खोटं सांगणार?"

"त्यात काय, रोजचंच शे."

"स्पीकर जोड," नाना म्हणाले. "दोन्ही कर्णे लाव."

संध्याकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. नानांचे विद्यार्थी दुकानं सोडून आले होते. टपरीवाले, बँकेतले, एक फौजदार, असोद्याहून केळीचा टेम्पो घेऊन निघालेला एकजण तर टेम्पो तिथंच लावून उभा. रतनलाल शेठनी दुकानातून स्टूल आणलं. मेहरूणमधल्या प्रत्येक माणसाला या माणसानं कधी ना कधी गाढव म्हटलं होतं, आणि आता त्यांना हसावं की खाली बघावं तेच कळेना.

नाना स्टुलावर चढले. साक्षीनं हात धरला होता, तो त्यांनी सोडवला. माईकवर टिचकी मारून बघितली.

"मी पैज हरलो," ते म्हणाले. "चोर गल्लीतला निघाला. तो मी. शिक्षा मीच ठरवली होती. बोलायचं नाही कोणी. मागच्या बाकावरचे, हसायचं नाही."

मग त्यांनी छाती भरून घेतली, डोळे मिटले, आणि ओरडले. असं तसं नाही. आधी लांब हेल, मग तो फाटका उतार, मग धापा टाकत परत वर. जन्मभर वर्गात गाढवांचा अभ्यास केलेल्या माणसाचं ओरडणं होतं ते! कर्णे थरथरले. पिंपळावरचे कावळे उडाले. फौजदारानं टोपी काढली, कशासाठी ते त्यालाही कळलं नाही. गुलाबच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते हसण्याचंच आहे असं तो शेजारच्याला सांगत होता.

आवाज गावाकडेच्या मेहरूण तलावावरून पलीकडे गेला. आणि मग, पलीकडच्या काठावरच्या वीटभट्टीतून, एका खऱ्या गाढवानं तेवढ्याच जोरात उत्तर दिलं.

चौक फुटला. शेठ पायरीवर बसून मांडीवर थापा मारू लागले. साक्षी पोट धरून खाली वाकली.

नानांनी माईक तोंडाशी धरला, तलावाकडे बोट रोखलं आणि शाळा दणाणायची त्या आवाजात म्हणाले,

"तू बस खाली! तुला कोणी विचारलं?"